जॅझ खुर्चीत बसून ऐकता येतो का?

(उमरी इथं झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे.)

या, या, पुढं जागा आहे.

संयोजकांनी मला फोनवर विषय विचारला. मी म्हणालो, जॅझ. पलीकडून थोडा वेळ आवाजच नाही. मग म्हणाले, "सर, तत्त्वज्ञानावर काही नाही का?" मी म्हणालो, हे तत्त्वज्ञानच आहे, येऊ तर द्या. आता आलोय, तेव्हा ते दाखवून देणं माझ्याकडं लागलं.

सुरुवात ओळखीच्या गोष्टीनं करतो. आपल्याकडच्या वरातीतला बँड डोळ्यांसमोर आणा. पुढं क्लॅरिनेट, दोन-तीन ट्रंपेट, एखादं थोराड पितळी वाद्य खालचा सूर धरून, बाजूला ढोल, ताशा आणि हलगी. यातली आपली हलगी-ताशा सोडा. बाकीचा सरंजाम शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराच्या रस्त्यावरून असाच चालायचा. वाद्यं लष्करी बँडची, वाजवणारे काळे लोक. तिथं मयतीलाही बँड असे. कबरस्तानाकडं जाताना चर्चमधली संथ गाणी, आणि माती देऊन झाली की परतीच्या वाटेवर तोच बँड उडत्या चालीवर यायचा. पहिली रांग बँडची आणि घरच्यांची. त्यांच्या मागून गल्लीतले लोक छत्र्या-रुमाल हलवत नाचत यायचे, त्यांना 'सेकंड लाइन' म्हणतात. दुसरी रांग.

जॅझचा इतिहास बहुतेक जण पहिल्या रांगेतून सांगतात. कोण कुठं वाजवत होता, कोणती तबकडी कधी निघाली वगैरे. मला तो दुसऱ्या रांगेतून बघायचाय. आणि तसं बघितल्यावर दोन मराठी माणसांनी केलेला एक सिनेमा, १९५१ चा 'अलबेला', कसा दिसतो ते सांगायचंय. माझं त्या सिनेमावर प्रेम आहे आणि त्याच्याविषयी तक्रारही आहे. दोन्ही ऐका.

आधी थोडं मागं जाऊ. अमेरिकेतली गुलामगिरी आपल्याला परकी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं, ते तिथल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केलं. या गुलामांकडून काय काय काढून घेतलं होतं? भाषा घेतली, नाव घेतलं, पोरं घेतली. आणि ढोलही घेतला. १७३९ मध्ये साउथ कॅरोलिनात गुलामांनी बंड केलं, ढोल वाजवत निघाले. दुसऱ्याच वर्षी कायदा झाला की गुलामांनी ढोल बाळगायचा नाही. आता ढोल काढून घेतल्यावर माणूस काय करतो? मांडीवर थाप मारतो, छातीवर मारतो, टाच आपटतो. अंगाचाच ढोल करतो. म्हणून म्हणतो, या परंपरेत नाच आणि वाजवणं या दोन वेगळ्या कला नव्हत्याच. पाय हेच वाद्य होतं.

न्यू ऑर्लिन्समध्ये मात्र गोष्ट थोडी वेगळी. ते शहर आधी फ्रेंचांचं, मग स्पॅनिशांचं. तिथं गुलामांना रविवारी एकत्र जमता यायचं. १८१७ साली नगरपालिकेनं ठरवलं की जमायचं तर एकाच ठरावीक जागी. ती जागा पुढं काँगो स्क्वेअर म्हणून प्रसिद्ध झाली. रिंगण करायचं, मधे नाचायचं, भोवती ढोल, एकानं म्हणायचं आणि सगळ्यांनी उचलायचं. पोवाड्यात शाहिराच्या मागं झीलकरी उभे असतात ना, 'जी जी' करणारे, तशीच रचना. आणि गाण्यातला गंधार असा, की धड कोमल नाही, धड शुद्ध नाही, दोहोंच्या मधे कुठंतरी रुळणारा. पियानोवर तो सापडत नाही, कारण तिथं दोन पट्ट्यांच्या मधे जागाच नसते. आपल्या कानाला मात्र तो ओळखीचा वाटतो. दरबारीतला डोलणारा गंधार ऐकलेल्यांना मी काय सांगतोय ते कळेल.

आता एक प्रयोग करू. माझ्याबरोबर मोजा, एक-दोन-तीन-चार. लष्करी कूच असते तर जोर एकवर आणि तीनवर. बरोबर? आता टाळी दोनवर आणि चारवर द्या. (टाळ्या) बघा, खांदे हलले. मागच्या रांगेत आमचे एक जुने मुख्याध्यापक बसलेत, त्यांचेही हलले, मी पाहिलं. (हशा) शिवाय जॅझवाले एका मात्रेचे दोन सारखे तुकडे करत नाहीत. पहिला जरा लांब, दुसरा आखूड. टांग्याचा घोडा रमतगमत दुडक्या चालीनं निघाला की जसं होतं, तसं. याला ते 'स्विंग' म्हणतात. कागदावर हे नीट लिहिता येत नाही, अंगात यावं लागतं.

नाचाची एक गोष्ट मला फार आवडते. मळ्यांवरचे मालक त्यांचे युरोपी नाच नाचायचे, ताठ मानेनं, हातात हात धरून. गुलाम ते बघायचे आणि आपल्या जागेत त्याची नक्कल करायचे. छाती अवास्तव पुढं, पाऊल अवास्तव उंच. मालकांना ती मौज वाटायची, ते स्पर्धा लावायचे, जिंकणाऱ्या जोडीला केक द्यायचे. म्हणून त्या नाचाचं नाव 'केकवॉक'. आपल्यालाच वेडावून दाखवतायत हे मालकांच्या लक्षात येत नव्हतं. तमाशाच्या वगात सोंगाड्या राजासमोर उभा राहून राजाचीच फिरकी घेतो आणि खुद्द गावचा पाटील पहिल्या रांगेत बसून पोट धरून हसतो. हसू तेच. आणि पुढं गंमत अशी की हाच केकवॉक गोऱ्या समाजात फॅशन झाला. म्हणजे मालक स्वतःचीच टिंगल नाचू लागले.

जॅझची पहिली तबकडी १९१७ साली निघाली ती गोऱ्या वादकांची. त्याचं मला फारसं नवल वाटत नाही, तुम्हालाही वाटू नये. पुढचं भराभर सांगतो. काळी माणसं दक्षिणेतून शिकागोला, न्यूयॉर्कला गेली, त्यांच्याबरोबर संगीत गेलं. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९२६ साली सॅव्हॉय नावाचं नाचघर उघडलं. त्याच वस्तीतल्या कॉटन क्लबात वाजवणारे-नाचणारे काळे आणि बघणारे फक्त गोरे. सॅव्हॉयला मात्र काळे-गोरे एकाच फरशीवर नाचत. तिथं 'लिंडी हॉप' नावाचा नाच वाढला. जोडी हातात हात धरून नाचते, आणि मधेच हात सोडते. त्या सुटलेल्या क्षणात प्रत्येकानं स्वतःचं काहीतरी करायचं, ठरवलेलं नाही, त्या क्षणी सुचेल ते. मग पुन्हा हात धरायचा. मला विचाराल तर जॅझचं सगळं तत्त्वज्ञान या हात सोडण्यात आणि पुन्हा धरण्यात आहे. वाद्यांचंही तेच. सगळे मिळून चाल वाजवतात, मग एक जण पुढं येतो, त्याची पाळी. बाकीचे त्याला ठेका धरून देतात, तो त्याला सुचेल ते बोलतो, मागं सरतो, दुसरा पुढं येतो.

हे चित्र चाळिशीच्या दशकात बदललं. चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी ही मंडळी इतकं वेगवान आणि गुंतागुंतीचं वाजवू लागली की नाचणं अवघड झालं. त्यांना तेच हवं होतं. आम्ही नाचाचे साथीदार नाही, कलावंत आहोत, आमचं बसून ऐका. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. पण त्याला एक फार रुक्ष कारणही होतं. १९४४ साली अमेरिकन सरकारनं जिथं गाणं आणि नाच चालतो अशा जागांवर कर बसवला, आधी तीस टक्के, मग वीस. नुसतं वाद्य वाजवा आणि लोकांना बसवून ठेवा, तर कर नाही. मालकांनी नाचाच्या फरशीवर टेबलं मांडली. कलेच्या इतिहासात कर खात्याचा अध्याय कुणी लिहीत नाही, लिहायला हवा.

आता माझा स्वतःचा कबुलीजबाब. मी तत्त्वज्ञान शिकवत होतो तेव्हा जर्मन विचारवंत आडोर्नो फार भक्तीनं शिकवायचो. या आडोर्नोनं १९३६ साली टोपणनावानं जॅझवर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की जॅझमधलं स्वातंत्र्य हा देखावा आहे. ठेका पक्का, साचा पक्का, त्यावर वादक थोडी नक्षी काढतो आणि त्याला वाटतं मी मोकळा आहे. कारखान्यातल्या मालासारखंच हे संगीत. मी हे वर्गात सांगत होतो आणि मला ते पटलेलंही होतं. एक विद्यार्थी उठला. त्याचे वडील लग्नाच्या बँडमधे क्लॅरिनेट वाजवायचे. त्यानं विचारलं, "सर, या माणसानं कधी वाजवलंय का?" मी जरा तोऱ्यात सांगितलं, हो, पियानो वाजवायचा, आल्बान बेर्गसारख्या संगीतकाराकडं शिकलेला. तो म्हणाला, "तसं नाही सर. लोक नाचावेत म्हणून कधी वाजवलंय का?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि तास संपेपर्यंत आलं नाही. आडोर्नोचा युक्तिवाद मूर्खपणाचा नाही, हे आधी सांगतो. बाजारू गाण्यांबद्दल तो बरंच खरं बोलतो. पण त्यानं जॅझ खुर्चीत बसून ऐकला, तोही मुख्यतः युरोपातल्या हॉटेलांतला आणि रेडिओवरचा. पक्का ठेका त्याला बेडीसारखा ऐकू आला. नाचणाऱ्याला तोच ठेका जमिनीसारखा असतो. जमीन हलायला लागली तर उडी मारणार कशावरून? तो विद्यार्थी पुढं म्हणाला होता ते मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं. त्याचे वडील म्हणायचे, "आमी वाजवताव, नाचतेत दुसरेच. पर पाय बघूनच पुढचं वाजवाव लागतंय."

पाय बघून वाजवणं. या एका कसोटीवर आता मुंबईकडं येतो.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबीचा काळ्या अमेरिकन वादकांचा बँड आला. मग टेडी वेदरफोर्ड आला, शिकागोत लुई आर्मस्ट्राँगबरोबर वाजवलेला पियानोवादक. तो इथलाच झाला, १९४५ साली कलकत्त्यात वारला. यांच्याबरोबर आणि यांच्या नंतर वाजवायला उभे राहिले गोव्याचे तरुण. पोर्तुगीज अमलात गावोगावच्या चर्चच्या शाळांत पोरांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवत, त्यामुळं कागद समोर ठेवला की वाजवणारी माणसं तिथं तयार होती. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ त्यातलाच. ट्रंपेट वाजवायचा, नाव घेतलं चिक चॉकलेट, लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. स्वातंत्र्यानंतर गोरे साहेब गेले, संस्थानिकांचे दरबार गेले, १९४९ च्या कायद्यानं मुंबईत दारूबंदी घट्ट झाली आणि क्लबांची रया गेली. हे वादक सिनेमाच्या स्टुडिओंकडं वळले.

तिथं त्यांना भेटले आपले पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. शास्त्रीय गाण्याचे धडे घेतलेला माणूस, पण कान चौफेर उघडा. चिक चॉकलेट त्यांचा सहायक झाला. आणि तिसरा गडी भगवान आभाजी पालव. गिरणी कामगाराचा मुलगा, स्वतः मजुरी केलेला, स्टंटपट काढणारा. त्यानं 'अलबेला' काढला, त्यात नायक झाला, नायिका गीता बाली. गोष्ट काय, तर एका गरीब कारकुनाला नाटकाचं वेड, घरातून बाहेर काढतात, तो रंगमंचावर नाव कमावतो.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो शाळकरी वयात, माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत, टुरिंग टॉकीजच्या तंबूत. तेव्हा तो जुनाच झाला होता, रीळ दोनदा तुटलं. पण भगवान नाचायला लागला की पुढं सतरंजीवर बसलेली माणसं उठून उभी राहायची. उभी राहून काय करायची? नाचायची. मागचे ओरडायचे, खाली बसा, आणि तेही नाचायचे. आमच्या मामांनी, जे घरात कधी मोठ्यानं बोलले नाहीत, खांदे हलवलेले मी पाहिलेत.

का उठायचे लोक? भगवानचा नाच जरा लक्ष देऊन बघा. शिकलेल्या नर्तकाचा नाही. पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले, हात कोपरातून सैल, खांद्याला हलका हेलकावा. ठेक्याच्या अंमळ मागं राहतो, घाई करत नाही. बघणाऱ्याला वाटतं, हे तर मलाही जमेल. आणि जमतं. आज सत्तर वर्षांनंतरही आपल्या वरातीत नवरदेवाचे काका जे नाचतात, त्यात अर्धा भगवान असतो. संगीत म्हणाल तर सगळं शुद्ध जॅझ नाही. त्यात स्विंग आहे, लॅटिन अमेरिकेचा रुंबा आहे, आणि एक अंगाईसुद्धा आहे, अगदी आपल्या घरातली. हॉटेलातला बँड रात्रभरात जे जे वाजवायचा ते सगळं सी. रामचंद्रांनी हिंदी गाण्यात असं मुरवलं की शिवण दिसत नाही. 'परक्या चाली उचलल्या' असं त्यांच्याबद्दल म्हणणारे समीक्षक होते, आहेत. मला तो आरोप पोकळ वाटतो. जॅझ स्वतःच फ्रेंच नाच, लष्करी बँड, चर्चची गाणी आणि आफ्रिकी ठेका यांच्यातून झालाय. उसनवारी हा दोष धरला तर जॅझच उरत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. जॅझमधली ती पाळी, एकट्यानं पुढं येऊन बोलण्याची, ती या गाण्यांत वादकाला मिळत नाही. तुकडे आहेत, क्लॅरिनेटची सुंदर वळणं आहेत, ट्रंपेट लखकन येऊन जातं. पण सगळं आधी लिहिलेलं, कडव्यांच्या मधल्या जागेत बसवलेलं. कुणी म्हणेल, तीन मिनिटांच्या तबकडीत जागा कुठली? तर आर्मस्ट्राँगनं १९२८ साली तीन-सव्वातीन मिनिटांत काय केलं ते ऐका. वेळ होता. सिनेमाच्या गाण्यात राजा गायक, त्याच्या वर नट, वादक हे कामगार, अशी ती उतरंड होती. श्रेयनामावलीत संगीतकाराचं नाव मोठं, कधी सहायकाचं बारीक, बाकीच्यांची नावंच नाहीत. ग्रेगरी बूथ नावाच्या अभ्यासकानं या वादकांना शोधून शोधून त्यांच्याशी बोलून २००८ साली 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक लिहिलं. त्याआधी २००५ मधे त्यानंच आपल्याकडच्या लग्नाच्या बँडवर 'ब्रास बाजा' लिहिलं होतं. दोन्ही विषय एकाच माणसाला सुचावेत यात मला योगायोग वाटत नाही. स्टुडिओतला वादक आणि वरातीतला वादक, दोघांचं दुखणं एकच. ढोलावर नाव बँडमालकाचं रंगवलेलं असतं. क्लॅरिनेटवाल्याचं नाव विचारलंय का कुणी तुमच्यापैकी? आणि आपल्याकडं वाजवणाऱ्याचं नाव न विचारण्यामागं कारण बहुतेकदा हे असतं की जात आधीच माहीत असते. हलगी लागते, हलगीवाल्याची पंगत मात्र शेवटची.

मग 'अलबेला'त जॅझ आहे की नाही? मी बरीच वर्षं नाही म्हणत होतो. आता म्हणतो, आहे, पण ऐकू येत नाही, दिसतो. गाण्यातली ती मोकळी पाळी कुणी घेतली असेल तर भगवाननं घेतली, पायांनी. वाद्यवृंद कागदावर बांधलेला आहे आणि त्याच्यासमोर एक बुटका, जाडसर, न शिकलेला माणूस त्या क्षणी सुचल्यासारखा नाचतो. हात सोडतो, पुन्हा धरतो. सॅव्हॉयच्या फरशीवरच्या लोकांनी त्याला लगेच ओळखलं असतं. शिवाय त्यानं एक गोष्ट केली जिचं श्रेय त्याला कमी मिळतं. चिक चॉकलेट आणि त्याचे वादक त्यानं पडद्यावर आणले. झालरीचे सदरे घातलेले, वाजवताना दिसणारे. नावं नाहीत दिली, पण चेहरे दिले.

भगवानचं पुढं काय झालं तुम्हाला ठाऊक आहे. बंगला गेला, गाड्या गेल्या, दादरच्या चाळीत परतला, २००२ साली तिथंच गेला. शेवटच्या वर्षांत लहानसहान भूमिका करायचा, लोक म्हणायचे, दोन पावलं नाचून दाखवा, आणि तो दाखवायचा.

एक खंत आपल्या मराठवाड्याची. मिलिंद महाविद्यालयाच्या म. ना. वानखेड्यांनी, आपल्या लातूरच्या जनार्दन वाघमारे सरांनी काळ्या अमेरिकेचं साहित्य आपल्याकडं आणलं, समजावून सांगितलं. १९७२ साली पँथर हे नाव तिथूनच मुंबईत आलं. कविता आल्या, कादंबऱ्या आल्या. संगीत आलं नाही. एका अर्थी गरज नव्हती, आपल्याकडं आंबेडकरी जलसे होते, भीमगीतं होती. पण ड्यू बॉइसनं १९०३ सालच्या पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर गुलामांच्या गाण्याच्या स्वरलिपीची ओळ छापली होती. ती वाचायला आमच्यापैकी कुणी बसलं नाही. मीही नाही. माझं डॉक्टरेटचं काम चाललं होतं, आणि त्यात गाणं कुठं बसत नव्हतं.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.

(प्रश्न: सर, आता बँड जाऊन डीजे आला. तुमच्या हिशेबानं हे बरं की वाईट?)

चांगला प्रश्न. डीजेला सरसकट शिव्या देऊ नका, तोही याच घराण्यातला आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात १९७३ साली कूल हर्क नावाचा जमैकाहून आलेला एक पोरगा तबकड्या लावायचा. त्यानं पाहिलं की गाणं थांबून नुसता ठेका वाजतो त्या काही सेकंदांसाठी नाचणारे ताटकळत असतात. म्हणून त्यानं एकाच तबकडीच्या दोन प्रती घेऊन तो तुकडा लांबवायला सुरुवात केली. म्हणजे तोही पाय बघूनच वाजवत होता. आपला डीजेवाला पाय बघतो का? काही बघतात. बहुतेक जण मोबाइल बघतात. (हशा) भिंतीएवढे कर्णे लावले की ठेका पायात न येता छातीत बसतो, म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यावं लागतं, ते वेगळंच.

बँडवाल्यांचं काय करायचं याचं उत्तर माझ्याकडं नाही. त्या माझ्या विद्यार्थ्याच्या वडलांना शेवटी शेवटी एका लग्नसराईत पाच-सहा सुपाऱ्या मिळायच्या. क्लॅरिनेट त्यांनी विकलं नाही, घरात खुंटीला आहे. पोरगा मास्तर झालाय, त्याला वाजवता येत नाही.

पुढचा प्रश्न घ्या.